डोळ्यांना लांबचं वाढा

माझ्या घरमालकांनी मला फसवलं, आणि घरमालकांना त्यांच्या मुलाने फसवलं. पहिली फसवणूक देवळात झाली, गावकऱ्यांच्या देखत, आणि तिच्यात माझा स्वतःचा आवाज सामील होता. तिच्यापायी मी त्यांच्याशी भांडले, अबोला धरला, आणि पुढे त्याच फसवणुकीवर माझा धंदा उभा राहिला. दुसरीचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. ते मागण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

मी मालवणच्या बाजारात टायपिंगचा क्लास चालवत होते. वडील लवकर गेले. आईच्या शेजारी बसून सुकी मासळी विकत मी मोठी झाले. गिऱ्हाइकाचा हात टोपलीकडे जाण्याआधी त्याचे डोळे कुठे जातात ते बघायचं आणि मग भाव सांगायचा, हे शिक्षण मला तिथे मिळालं. पुढे टायपिंग शिकले, जुनी मशीनं घासाघीस करून घेतली, क्लास काढला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मुंबईतल्या एका कचेरीने काढून टाकलेले दोन कॉम्प्युटर मी अशीच हुज्जत घालून मिळवले. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. मालवणात तेव्हा टीव्हीसुद्धा मोजक्या घरांत होते. त्या हिरव्या अक्षरांवर मी माझी सगळी पुंजी आणि आईच्या पाटल्या लावल्या होत्या.

त्यांच्यासाठी जागा हवी होती, म्हणून मी अण्णांच्या माडीवर गेले. अण्णा म्हणजे आमचे घरमालक. सगळी आळी त्यांना अण्णाच म्हणे. मुंबईच्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म पंचांगाची आणि रेल्वेच्या वेळापत्रकांची मुद्रितं तपासली होती. मुंगीएवढे आकडे. एक आकडा चुकला तर कोणाची गाडी चुकणार, नाही तर कोणाची एकादशी. निवृत्त झाल्यावर बायको गेली, मुलगा मुंबईतच राहिला, आणि हे एकटे गावी परत आले. का आलात, असं कोणी विचारलं की सांगत, "म्हमयत सगळा मेळता गो. लांबचा तेवढा मेळणा नाय."

लांबचं म्हणजे लांबचं बघायला. छापखान्याची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. दिवसभर आकडे वाचून डोळे उचलले की पुढे भिंत. डोळा हा भुकेला प्राणी आहे, त्याला जवळचंच वाढत राहिलं की तो आजारी पडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. डोळ्याला लांबचं वाढा. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की एकदा भर बाजारात ओरडले होते, "अण्णा, आता पुरे, माझ्या डोळ्यांचा पोट भरला."

भाडं ठरवायला गेले तेव्हा मी नेहमीप्रमाणे निम्म्यावरून सुरुवात केली. ते चटकन "बरा" म्हणाले. मला राग आला. समोरच्याने हुज्जत घातली नाही की मला झोप लागत नाही. काहीतरी खोट असणार म्हणून मी जिना तपासला, कौलं तपासली, वाळवी शोधली. त्यांच्या अटी दोनच होत्या. समुद्राकडची खिडकी कधी बंद करायची नाही, आणि गॅलरीतला बाक मरेपर्यंत त्यांचा. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला फसवलं. असं मला बरेच दिवस वाटत होतं.

पहिलं भांडण जागेवरून झालं. मी दोन्ही कॉम्प्युटर रस्त्याकडे तोंड करून मांडले होते. खाली बाजारातून माणसं जातात, त्यांना वर मान केल्यावर हिरवी अक्षरं दिसली पाहिजेत. दुकान मांडायचं तर माल दर्शनी ठेवावा. रस्ता आणि समुद्र एकाच बाजूला, त्यामुळे आत बसणाऱ्याची पाठ समुद्राच्या खिडकीकडे आली. अण्णा वर आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ काचेकडे बघत राहिले.

"बाय, ह्या यंत्राचा तोंड खंय करून ठेवलंस?"

मी म्हटलं, रस्त्याक, लोकांका दिसाक नको?

"लोकांका दिसतला. जो बसतलो तेका काय दिसतला? आपला थोबाड आणि मागचो समुद्र. अक्षरां खंयच्या खंय."

मी बसून बघितलं तर खरंच काचेत माझा चेहरा, माझ्या डोक्यामागे लखलखणारी खिडकी, आणि त्या सगळ्याच्या आड कुठेतरी हिरवी अक्षरं. पण ते खरं आहे म्हणून मी ऐकलं असतं तर मी मी कसली? मी पडदा लावते म्हटलं. त्यांनी पहिली अट काढली. मग मी म्हटलं, बघू. हे बघू दोन महिने चाललं.

ते दोन महिने अण्णा रोज वर येत आणि काहीतरी उद्योग करत. सकाळी आल्याबरोबर धोतराच्या जुन्या मऊ तुकड्याने काचा पुसत. खारा वारा रात्रभरात काचेवर मिठाचा पापुद्रा चढवतो, तो आम्हाला दिसत नसे, आम्हाला वाटे अक्षरंच पुसट आहेत. पुसताना काच विजेचा बारीक चटका देई. तेव्हा ते हात झटकून यंत्राला म्हणत, "रागावू नको रे, तुझाच तोंड धुतंय." मग यंत्राच्या उजेडाची चकती फिरवून उजेड कमी करत. मी पूर्ण उजेड ठेवायची. वीजबिल मी भरते तर उजेड अर्धा का घेऊ? त्यावर त्यांनी मला विचारलं होतं की गाभाऱ्यात दिवा केवढा असतो, आणि तरी देव दिसतो की नाही.

त्यांच्या घरी पोथी वाचायची लाकडी ठवणी होती, सावंतवाडीची, लाल-पिवळ्या रंगांची. तीही त्यांनी वर आणली. मुली टाइप करायचा कागद टेबलावर आडवा ठेवत, मान खाली घालून एक ओळ वाचत, मान वर करून काचेकडे बघत, पुन्हा खाली. दिवसभर कोंबडीसारख्या माना. अण्णांनी कागद ठवणीवर उभा केला आणि ठवणी काचेला लागून, काचेच्याच उंचीला ठेवली. मान हलायची थांबली. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती याचा मला जास्त राग आला.

आणि पापणी. मुली टक लावून बघत बसत. अण्णा मागे जाऊन उभे राहत आणि कानाशी वाकून म्हणत, "माशाक पापणी नाय, म्हणान तो पाण्यात रवता. तू पाण्याच्या भायर आसस. पापणी हलय." मुली खुसखुसत. पुढे त्या आपसांत एकमेकींना "गो माशा" म्हणू लागल्या.

हे सगळं मी करमणूक म्हणून चालवून घेत होते. मग सुलभाचं डोकं दुखायला लागलं.

सुलभा माझ्या क्लासमधली सगळ्यांत हुशार मुलगी. बोटं अशी चालत की बघत राहावं. तिचे वडील तात्या जहाजावर नोकरी करून परत आलेले, देवभोळे, शब्दाला पक्के, आणि मुलीसाठी स्थळ बघत असलेले. सुलभा घरी जाऊन डोकं धरून बसू लागली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. आठवड्याभरात बाजारात बातमी झाली की कॉम्प्युटर डोळे खातो. मुलाला चष्मा असला तर तो शिकलेला दिसतो. मुलीला चष्मा लागला तर बघायला आलेली माणसं चहा पिऊन जातात आणि निरोप पाठवत नाहीत. आमच्याकडे तेव्हा हे कोणी लपवून ठेवत नसे. एकेक बाप येऊन "सध्या नको" म्हणू लागला. खुर्च्या रिकाम्या पडल्या. जो धंदा मी मासळीच्या टोपलीपासून वर आणला तो पोरींच्या लग्नांपायी बुडणार, हे मला दिसत होतं, आणि यावर घासाघीस कोणाशी करायची हेच कळत नव्हतं.

तेव्हा तात्यांनी सांगितलं की देवाला विचारू. आपण कौल लावू.

आमच्याकडे अडलेली गोष्ट ग्रामदेवतेपुढे ठेवतात. आधी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकजण सगळ्यांच्या वतीने देवाला सांगतो की असं असं आहे, आणि प्रत्येक वाक्यामागून बाकीचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. मग गुरव पाषाणाला ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नाही. मी लहानपणापासून हे बघत आले आहे. मी देवाला मानते, पण मी हेही जाणते की देव विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. म्हणून प्रश्न आपल्या सोयीचा असावा. गाऱ्हाणं एरवी गुरव घालतो, पण त्याचा घसा बसला होता. मी पुढे होऊन अण्णांचं नाव सुचवलं. आवाज खणखणीत, वय मोठं, आणि भाडेकरू बुडाली तर त्यांचंही नुकसान. आदल्या संध्याकाळी मी त्यांना बजावलं की लांबण लावू नका. पोरींनी कॉम्प्युटर शिकायचा की नाही, एवढंच विचारा.

"मोघम प्रश्नाक देव मोघम उत्तर देता," एवढं ते म्हणाले. मी तिकडे लक्ष दिलं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या मजकुरात दुरुस्ती करत आलेल्या माणसाच्या हाती मी माझा मजकूर दिला होता, हे मला त्या वेळी समजायला हवं होतं.

देवळात सगळे बाप उभे होते, मुली, म्हणजे आमच्या बोलीतली चेडवां, मागे, मी बाजूला. अण्णांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या बायेन जा यंत्र आणलेला आसा, तेच्यासमोर गावची चेडवां बसतली."

"व्हय म्हाराजा."

"पण त्या यंत्राचा तोंड रस्त्याक नाय, खिडकेक नाय, उजेडाच्या कुशीक ऱ्हवतला."

"व्हय म्हाराजा."

तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की या आवाजांत माझाही आवाज आहे. लहानपणापासूनची सवय. गाऱ्हाण्याचं वाक्य थांबलं की आमचं तोंड आपोआप उघडतं. मी ओठ घट्ट मिटले. अण्णा शांतपणे पुढे गेले. यंत्र हातभर लांब राहील, त्याची काच नजरेच्या जरा खाली राहील. व्हय म्हाराजा. उजेड डोळ्यांना सोसेल एवढाच राहील. व्हय म्हाराजा. मी ओठ मिटलेलेच ठेवले होते. मग त्यांनी आवाज चढवला, आणि लय अशी पकडली की सगळं देऊळ डोलायला लागलं.

"घंटी वाजली काय चेडवां हातातला काम टाकून उठतली, गॅलरीत येवन लांब बघतली, आणि ही बाय तेंका अडवची नाय."

"व्हय म्हाराजा," असं सगळे म्हणाले, आणि मीही म्हणाले. मोठ्याने म्हणाले. तात्यांनी वळून माझ्याकडे समाधानाने बघितलं.

अण्णा शेवटाला आले. एवढं सगळं पाळलं जाणार असेल तर तू या लेकरांच्या डोळ्यांची राखण कर, आणि तसं असेल तर उजवा कौल दे. गुरवाने पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी पडली.

बाहेर आल्यावर मी अण्णांना आंब्याच्या पारावर गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. माझ्या तासाचे तुकडे पाडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ते धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "तूच दिलंस. माझ्यापेक्षा तुझोच आवाज मोठो होतो." दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्च्या भरल्या. मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही.

घंटी सायकलची होती. अण्णांनी जन्मात सायकल चालवली नव्हती. ती घंटी गॅलरीच्या खांबाला स्क्रूने बसवलेली, बाकावरून हात पोचेल अशी. घड्याळ ते बघत नसत. मुलींच्या पाठी बघत. एखादीची मान पुढे गेली, एखादीने डोळे चोळले की किणकिण. सगळ्याजणी उठून गॅलरीत. तिथे त्यांचा खेळ असे: दिसणाऱ्यांतलं सगळ्यांत लांबचं काय ते सांगायचं. कोणी किल्ल्याचा बुरूज सांगे, कोणी त्याच्या मागच्या खडकावरचा फेस, कोणी देवबागच्या बाजूने येणारं शीड. हवा स्वच्छ असली की उत्तरेला अगदी बारीक काळी रेघ दिसे, ती तोंडवलीच्या किनाऱ्याची. जी पहिल्यांदा रेघ सांगेल तिला अण्णा खिशातून आमसुलाचा तुकडा देत. तेवढ्या बक्षिसासाठी वीस-बावीस वर्षांच्या मुली माना उंच करून भांडत.

एकदा मला एका संस्थेचं काम मिळालं. सभासदांची भलीमोठी नावनिशी कॉम्प्युटरवर चढवायची, घाईने. असं काम मालवणात पहिलंच. मी मुलींना सांगून ठेवलं की हे संपेपर्यंत घंटीबिंटी काही नाही. अण्णांनी ऐकलं. थोड्या वेळाने किणकिण झाली आणि एकजात सगळ्या उठल्या. मी दार अडवून उभी राहिले. एक मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, देवाक काय सांगू?" मी दारातून बाजूला झाले. काम वेळेवर गेलं नाही. संस्थेच्या साहेबाने तोंड वाकडं केलं आणि पुन्हा माझ्याकडे आला नाही. अण्णा त्या संध्याकाळी माझ्यासाठी गरम घावणे घेऊन वर आले, मी ते खाल्ले नाहीत. आजही मला वाटतं की ते काम गेलं ते त्यांच्यामुळेच. आणि हेही खरं आहे की त्या नावांत एकही चूक निघाली नाही, आणि त्या साली माझ्याकडे शिकणाऱ्या एकीनेही डोकं धरलं नाही.

एक सोडून. सुलभा.

सगळे नियम पाळले जात होते, तरी तिचं डोकं दुखतच होतं. मी गप्प राहिले. तात्यांच्या कानावर जाऊ नये अशी माझी इच्छा होती. पण अण्णांनी गॅलरीत दुसरंच काहीतरी टिपलं होतं. खेळात सुलभा नेहमी दुसऱ्या कोणीतरी बोलल्यावर बोलायची. शीड म्हटलं की शीड, फेस म्हटला की फेस. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि तिला एकटीला विचारलं. तिने समुद्राकडे बघितलं आणि म्हणाली, होडी, दोन माणसं. समुद्रावर काहीच नव्हतं.

 संध्याकाळी अण्णा तात्यांकडे गेले, मलाही ओढून घेऊन गेले. जाताना मी त्यांना सांगत होते की हे करू नका, मुलीचं लग्न जमणार नाही आणि माझा क्लास बुडेल. ते चालत राहिले. तात्यांना त्यांनी सरळ सांगितलं की मुलीला लांबचं दिसत नाही, सावंतवाडीच्या डॉक्टरांकडे न्या. चष्मा लागला. डॉक्टर म्हणाले की हा नंबर आजचा नाही, शाळेपासूनचा असणार. तात्या चष्म्याची डबी हातात घेऊन तडक माडीवर आले. राग त्यांना शोभत नसे, त्यामुळे ते जास्तच भयंकर दिसत होते.

"देवान शब्द दिलेलो. चष्मो लागलो. मगे शब्द खंय गेलो?"

 मुलींची बोटं थांबली. अण्णा बाकावरून उठलेसुद्धा नाहीत.

"देवान राखण करतंय म्हणान सांगला. बदलून देतंय म्हणान खंय सांगला? तात्या, तुझा चेडू शाळेत फळ्यावरचा शेजारणीच्या वहीत बघून लिवी. इतकी वर्सां कोणाक कळला नाय. तेका लांब बघूक लावला म्हणान कळला. राखण आणि कशी करतत?"

 तात्या दारातच उभे राहिले. अण्णांनी सुलभाला हाक मारली, चष्मा घालायला लावला आणि बाकाशेजारी उभी केली. घंटी वाजवली नाही, तरी सगळ्याजणी मागे येऊन उभ्या राहिल्या. हवा स्वच्छ होती. सुलभा बराच वेळ उत्तरेकडे बघत होती. मग तिने आमच्याकडे वळून बघितलं.

"ती रेघ खरीच आसा? माका वाटला, तुम्ही सगळी मिळान माका फसयतास."

 तात्यांनी चष्म्याची रिकामी डबी खिशात टाकली आणि गॅलरीच्या कठड्याला धरून तेही उत्तरेकडे बघत राहिले. अण्णांनी खिशातून आमसूल काढलं, पण सुलभाला दिलं नाही, स्वतःच तोंडात टाकलं. त्या दिवशी मी त्या माणसाला पूर्ण माफ केलं. सांगितलं मात्र नाही.

सुलभाची दोन स्थळं चष्म्यावरून फिरली, तिसरं फिरलं नाही. लग्नानंतरही ती माझ्याकडेच राहिली, आज क्लास तीच सांभाळते.

मग अण्णांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सत्तरी ओलांडेपर्यंत चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून दाखवणारा माणूस. आता ते बाकावर बसून सुलभाला विचारू लागले की रेघ दिसते का. ती दिसते म्हणाली की मान हलवत. मुलगा मुंबईहून आला. ऑपरेशन करून घेऊ, जत्रेच्या आत परत आणून सोडतो, असं त्याने माझ्यासमोर, त्याच गॅलरीत सांगितलं. अण्णांनी जाताना घंटीच्या खांबाला हात लावला आणि मला म्हणाले, "बाक माझो आसा. कोणाक बसूक देव नको."

जत्रा झाली. पुढची जत्रा झाली. पत्राला उत्तर येई की प्रकृती बरी आहे, इथे सगळी सोय आहे, एवढ्या लांब प्रवास नको. शेवटी मी माल आणायला मुंबईला गेले तेव्हा पत्ता शोधत गेले. घर चांगलं होतं. सून अगत्याची. दूध वेळेवर, औषधं वेळेवर, अण्णांच्या अंगात स्वच्छ कपडे. ऑपरेशन उत्तम झालेलं, डोळे लहान मुलासारखे निर्मळ. त्यांना दिलेली खोली तळमजल्यावर होती. खिडकीपुढे, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, शेजारच्या इमारतीची भिंत. तिच्यावरून पाण्याचा नळ गेलेला.

मी मालवणच्या गोष्टी सांगू लागले. ते ऐकत होते, पण माझ्याकडे बघताना डोळे बारीक करत होते. मग त्यांनी हाताने मला मागे सारलं.

"बाय, जरा मागे जा."

मी खुर्ची मागे घेतली. त्यांनी पुन्हा हात हलवला. मी उठून दारात गेले. अजून. मी बाहेरच्या बोळात गेले. तिथून बोळ सरळ जिन्यापर्यंत जात होता. सून स्वयंपाकघरातून बघत होती. मी एकेक पाऊल मागे गेले, जिन्याच्या पहिल्या पायरीला माझी टाच लागली तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. खोलीतून त्यांचा आवाज आला, तोच देवळातला खणखणीत आवाज.

"हां. थंयच ऱ्हव."

मी तिथेच उभी राहिले. ते माझ्याकडे बघत राहिले. मी कोणासमोर रडत नाही, म्हणून मी भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे बघितलं. त्यांनी तिकडून ओरडून सांगितलं की पापणी हलय.

त्या पावसाळ्यात ते त्याच खोलीत वारले. मुलाने कळवलं ते मालवणचं घर विकायचं आहे म्हणून. मी घर घेतलं, भाव केला नाही. आयुष्यात एकदाच. बाकावर मी कोणाला बसू देत नाही. घंटी वाजवायचं काम सुलभाकडे आहे, तिच्या पाठीकडे मी लक्ष ठेवते.

मुलाशी माझं भांडण नाही, असं लोकांना सांगायची मला सवय झाली आहे. ते खोटं आहे. तो वाईट माणूस नाही हे मला ठाऊक आहे. त्याने बापाला उपाशी ठेवलं नाही, औषधाविना ठेवलं नाही, आणि भेटला की आजही विचारतो की बाबांना आमच्याकडे काय कमी होतं. तो आता स्वतः दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो, डोळे लाल, डोकं धरलेलं, आणि मला विचारतो की काही उपाय आहे का. उपाय मी त्याला सांगेन. काच कुशीला वळव, उजेड कमी कर, कागद उभा कर, पापणी हलव, उठून लांबचं बघ. सगळं फुकट सांगेन. पण त्याआधी त्याने माझ्या गॅलरीत यावं, त्या रिकाम्या बाकासमोर उभं राहावं, आणि एवढ्याचं उत्तर द्यावं: तू बापाला नवे डोळे दिलेस. त्या डोळ्यांना तू काय वाढलंस?